नको दाबणाऱ्या बायका

"सांग की मग. काय दाबायचं ते सांग, मी दाबते आन् मोकळी होते."

"नाही सांगणार."

"नाय सांगणार म्हणजे? सापडलंय ना तुला?"

"सापडलंय."

"मग?"

"सापडलंय म्हणूनच नाही सांगणार."

सुलेखानं तव्यावरची भाकर उलटली, ती अशी की तवा चुलीवरून हलला. "बघ बाई, तुझ्या शिक्षणातलं मला काय बी कळत नाय. मला येवढंच कळतं, की उद्या सकाळी पण बस माझ्या डोळ्यांदेखत निघून जाणार. मी हात करणार, डायवर मान हलवणार. मंग बाबा पंपाच्या चौकातून रिक्षा बदलत बदलत चितेगाव. तवर गेटवर लेट मार्क."

"तू एकटी थोडीच गप्प बसशील, वहिनी? तू दाबलंस की दुसरीला सांगशील, दुसरी तिसरीला. सगळ्यांचं सुरू होईल. मग इंद्रजीत कंपनीत जाऊन म्हणेल, बघा, दिलं की नाही दुरुस्त करून."

"म्हणू दे की. माझी बस तर थांबल."

"आणि माझं काय?"

"तुझं काय अडलंय? क्लास घ्यायलीस, चहा प्यायलीस, घरी यायलीस. आमची कायम करायची वेळ आलीय, करुणा. चार वर्षं झाले मी टेंपरवारीच. लेट मार्कवाल्या बायकांची नावं गळणारेत, राजेंद्र सरांनी तोंडावर सांगितलं."

"त्याच्या आधी मीटिंग होतेय. मीटिंगमध्ये सगळं बाहेर काढते."

"आन् मीटिंग नाय झाली तर?"

"होणार."

"मी म्हणते, नायच झाली तर?"

"वहिनी, भाकर करपली."

करपली होतीच. सुलेखानं ती फडक्यानं उचलली आणि करुणाच्या ताटात टाकली.

नणंद-भावजयीचं हे भांडण ज्या ॲपवरून चाललं होतं, त्याचं नाव होतं 'फेरी'. चितेगावला औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायची एक कंपनी आहे. शहराच्या वेगवेगळ्या भागांतून तिच्या बसगाड्या कामगारांना आणतात. पूर्वी बस प्रत्येक थांब्यावर थांबायची, कुणी असो नसो. मग कंपनीनं ॲप आणलं. आदल्या संध्याकाळी फोनमध्ये 'फेरी' उघडायचं आणि 'उद्या येणार' हे हिरवं बटण दाबायचं. ज्या थांब्यावरून कुणी बटण दाबलं नाही तिथं बस थांबणार नाही, आणि ज्यानं दाबलं नाही त्याला चढवायचं नाही. डिझेल वाचतं, वेळ वाचतो. पुरुषांचं बटण दाबलं जायचं. बऱ्याचशा बायकांनी ते दाबलं, की ॲप पटकन मिटायचं. परत उघडा, परत दाबा, परत मिटलं.

आणि हे ॲप बनवलं होतं करुणानं. म्हणजे तिनं बनवलं होतं, आणि मग ते तिच्या हातातून काढून घेतलं गेलं होतं.

करुणा हिवराळे छावणीला लागून असलेल्या वस्तीतली. वडील कडुबा लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. शंभर माणसांची डाळ एका पातेल्यात करणारा माणूस घरी मात्र पोरीसाठी वाटीभर खीर करायचा आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहायचा. घरात धम्मवंदना व्हायची, भांडणं व्हायची आणि अभ्यास व्हायचा. तिन्ही गोष्टी मोठ्या आवाजात. थोरला भाऊ प्रणय पाण्याचा टँकर चालवतो. सुलेखा त्याची बायको. करुणा शिकली, डिप्लोमा केला, गल्लीत पहिला लॅपटॉप तिचा आला. ज्याचा फोन अडला तो तिच्या दारात उभा, अशी तिची ख्याती.

दुसरी ख्याती अशी, की पोरगी विसरत नाही.

शाळेतली गोष्ट आहे. शेजारच्या बाकावरची एक मुलगी नाक धरून म्हणाली होती, "तुझा डबा लांब उघड ना, वास येतो." करुणानं डबा लांब नेऊन उघडला. गॅदरिंगमध्ये नाटक बसलं. ती मुलगी राणी, करुणा पहारेकरी. 'महाराणी येत आहेत' हे वाक्य पहारेकऱ्याच्या तोंडी होतं, आणि त्या वाक्यावर राणीची एंट्री. गॅदरिंगच्या दिवशी करुणा भाला धरून ताठ उभी राहिली आणि ते वाक्य म्हणालीच नाही. विंगेत राणी मुकुट घालून उभी. बाई दात-ओठ खात खुणा करताहेत. प्रधानानं दोनदा दाराकडे बघितलं, राजानं स्वतःच्या मनानं काहीबाही बोलून प्रवेश संपवला. राणी रडत राहिली. नंतर बाईंनी विचारलं, तेव्हा करुणा म्हणाली, "विसरले, बाई." तिला नाटकातलं प्रत्येकाचं वाक्य पाठ होतं.

इंद्रजीतकडे ती नोकरीला लागली तेव्हा त्याचं ऑफिस नवं होतं. त्याच्या वडिलांची पैठण रोडकडची जमीन कारखान्यांसाठी गेली आणि त्यातून जवाहर कॉलनीत काचेचं दार असलेलं ऑफिस आलं. इंद्रजीत वाईट बोलायचा नाही. उलट फार गोड बोलायचा. कुणी काही चांगलं केलं, की दुसऱ्या दिवशी ते 'आपण केलं' व्हायचं आणि तिसऱ्या दिवशी 'मी सुचवलं होतं'. करुणाला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण काम तिला आवडायचं.

'फेरी' बनवताना तिनं एक रस्ता मुद्दाम ठेवला होता. ॲप पहिल्यांदा उघडलं, की फोन विचारतो, या ॲपला तुमचं ठिकाण कळू द्यायचं का? हो म्हटलं, की ॲप स्वतःच जवळचा थांबा शोधतं. नाही म्हटलं, तर थांब्यांची नावं समोर यायची, त्यातलं एक बोटानं निवडायचं. तिनं ते इंद्रजीतला दाखवलं, तेव्हा तो हसला होता.

"नाही कोण म्हणतं गं? सगळे न वाचताच हो म्हणतात."

"काही जण नाही म्हणतात, सर."

"कोण?"

"बायका म्हणतात."

"कामगार बायका? त्यांना काय लपवायचंय?"

सांगून त्याला कळेल असं करुणाला वाटलं नाही.

मग ॲप कंपनीत गेलं. दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअरवरून नाही. फाइल व्हॉट्सॲपवर फिरली आणि सगळ्यांनी ती फोनमध्ये टाकली. त्यामुळं कुठं काय बिघडतंय याची खबर ऑफिसात आपोआप येण्याची सोयच नव्हती. आली ती थेट तक्रार. राजेंद्र सर, कंपनीत माणसांचं खातं बघणारे, यांनी इंद्रजीतला बोलावून घेतलं. इंद्रजीत करुणाला बरोबर घेऊन गेला. लांब टेबल, एका बाजूला सुपरवायझर, पाठीमागे भिंतीला टेकून लाइनवरच्या काही बायका. त्यात सुलेखाही होती.

"आमच्या ऑफिसात तर व्यवस्थित चालतंय," इंद्रजीत म्हणाला. "लोकांचे फोन स्वस्तातले असतात, सर. आणि दुसरं म्हणजे..." त्यानं करुणाकडे हात केला, एखादी फुटलेली बरणी दाखवावी तसा. "कोड हिचा आहे. आम्ही संधी दिली, सर. संधी दिली की असंही होतं कधीकधी."

टेबलापलीकडून कुणीतरी समजून मान हलवली. तशी मान हलवणं करुणानं जन्मभर बघितलं होतं. तिनं तोंड उघडलं, तर इंद्रजीत हळूच म्हणाला, "आत्ता नको. सॉरी म्हण आणि विषय संपव."

ती भिंतीकडे न बघता सॉरी म्हणाली. सोमवारी ऑफिसला गेली तर तिचा पासवर्ड चालत नव्हता.

त्या दिवसापासून करुणाला एकच गोष्ट हवी होती. त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर, इंद्रजीतच्या तोंडून हे यायला हवं होतं, की चूक माझी. नोकरी परत नको होती. पैसेही नकोत. ते एक वाक्य हवं होतं.

तिनं पिठाच्या गिरणीवरची एक खोली भाड्यानं घेतली आणि क्लास काढला. ॲप बनवायला नव्यानं शिकणारी पोरं-पोरी यायची. खाली गिरणी सुरू झाली की खोली थरथरायची, त्यामुळं करुणा घसा ताणून शिकवायची.

"ॲप पडलं तर पहिलं काय करायचं?"

"दुरुस्त करायचं, मॅम."

"चूक. पहिलं ते परत पाडायचं. आपल्याला हवं तेव्हा पाडता आलं पाहिजे. जे मनात येईल तेव्हा पाडता येत नाही, त्याचं कारण सापडत नाही. पुढं?"

"अंदाज करायचा."

"अंदाज करायचा, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नेट बंद करून बघितलं? पडलं का? नाही. परत चालू करा, मग दुसरी गोष्ट. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि चालायला लागलं, तर तुम्हाला काय कळलं?"

"काहीच नाही."

"मग लाल ओळी."

ॲप पडतं तेव्हा फोन केबलनं लॅपटॉपला जोडलेला असेल, तर पडद्यावर लाल ओळी सरसर उतरतात. नवीन पोरं त्या बघून खिडकीच बंद करून टाकायची. करुणा म्हणायची, "घाबरता काय? जाता जाता जबानी देऊन गेलंय बिचारं. यातल्या बहुतेक ओळी परगावच्या, फोनच्या स्वतःच्या. आपल्या फाइलचं नाव वरून पहिल्यांदा कुठं दिसतं ते बघा. आपल्या गावचा माणूस भेटला की त्याला धरून बसा."

याच रीतीनं तिनं सुलेखाचा फोन धरला. सुट्टीची दुपार होती, सुलेखा धुणं वाळत घालत होती आणि करुणा ओट्यावर बसून बटण दाबत होती. सुलेखाच्या फोनवर पडतं. स्वतःच्या फोनवर पडत नाही. तिनं सुलेखाच्या फोनमधली जागा मोकळी केली. पडलं. नेट बदललं. पडलं. भाषा बदलली. पडलं. मग तिला लाज वाटली, कारण पोरांना जे पहिल्या दिवशी सांगते तेच ती विसरली होती. वापरणाऱ्याला विचारायचं.

"वहिनी, हे पहिल्यांदा उघडलंस तेव्हा काय दाबलंस?"

"काय बी नाय."

"आठव. काहीतरी विचारलं असेल त्यानं."

"व्हय, लोकेशन मागत होतं. मी नको म्हणलं."

"का?"

"कामून म्हणजे?" सुलेखानं लुगडं झटकलं, करुणाच्या तोंडावर पाणी उडालं. "लाइनवर मला कुणी विचारलं, कुठं राहती, तर मी म्हणते छावणी. छावणीत कुणी पण राहतं. लोकेशन दिलं की गल्ली दिसती. गल्ली दिसली की पाण्याची बाटली वेगळी ठिवतेत."

"बाकीच्या बायका?"

"त्यांचं त्यांचं येगळं. कुणाला सुपरवायझर घरापर्यंत यायची भीती, कुणाच्या नवऱ्यानं सांगितलेलं. पण नको समद्याच म्हणतेत."

करुणानं केबल लावली, बटण दाबलं, लाल ओळी उतरल्या. वरून चौथी-पाचवी ओळ तिच्या गावची निघाली. जवळचा थांबा शोधायचा भाग. ॲप ठिकाण घ्यायला गेलं, हाती काहीच नव्हतं, आणि काहीच नसलेल्या हातानं त्यानं थांबा शोधायचा प्रयत्न केला. ज्या वळणावर 'नको' म्हटलं की थांब्यांची नावं यायला हवीत, ते वळणच नव्हतं. कुणीतरी काढलं होतं. कुणी, ते शोधायला केबल लागत नव्हती.

उपायही दोन बोटांचा. सेटिंगमध्ये जाऊन ठिकाणाला 'हो' म्हटलं, की आत्ता, या क्षणी ॲप चालेल. पण वाळत घातलेल्या लुगड्याआडून सुलेखा "काय झालं?" म्हणाली, तेव्हा करुणानं फोन पालथा ठेवला.

"सापडलं," ती म्हणाली. "पण थांब जरा."

तिनं राजेंद्र सरांना फोन लावला. "सर, मी करुणा हिवराळे. फेरीची. कारण सापडलंय. येऊन सगळ्यांसमोर दाखवते. पण इंद्रजीत सर तिथं असले पाहिजेत."

"फोनवरच सांगा ना."

"दाखवल्याशिवाय कळायचं नाही, सर."

राजेंद्र सर तक्रारींनी वैतागले होते. त्यांनी मीटिंग ठरवली. त्या संध्याकाळी घरात करपलेल्या भाकरीचं ते भांडण झालं.

आणि मीटिंग झाली नाही. इंद्रजीत मावसभावाच्या लग्नाला नाशिकला गेला होता. राजेंद्र सरांनी तारीख पुढं ढकलली, आणि ती पडली कायम करायच्या बायका ठरल्यानंतरची.

करुणाला हे कळलं तेव्हा ती क्लासमधून घरी चालत येत होती. गिरणीपासून घरापर्यंत तिनं स्वतःशी वाद घातला. सांगून टाकावं. एक मिनिटाचं काम. वहिनीची बस थांबेल. पण मग इंद्रजीत त्या खोलीत शिरेल तेव्हा ॲप व्यवस्थित चालत असेल, तो खांदे उडवून म्हणेल, "म्हटलं नव्हतं, फोनचा प्रॉब्लेम होता," आणि तिचं सॉरी कायमचं त्या भिंतीला चिकटून राहील. घराच्या दारात सुलेखा पाय धूत उभी होती. घोटे सुजलेले.

"कधी हाय मीटिंग?" तिनं विचारलं.

"होईल."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

सुलेखानं तांब्या खाली ठेवला. "नावं या आठवड्यात जाणारेत, करुणा."

"तू माझी बाजू कधी घेतलीस गं?" करुणा एकदम म्हणाली. "त्या दिवशी तू भिंतीला टेकून उभी होतीस. त्यानं मला सगळ्यांसमोर तसं म्हटलं, तू एक शब्द बोललीस?"

"मी काय बोलणार? टेंपरवारी बाईनं बोलायचं?"

"एक शब्द."

"मंग हे माझ्यावर काढायलीस का तू?"

"तुझ्यावर नाही."

"माझ्यावरच निघतंय पण."

त्या आठवड्यातही सुलेखाला उशीर झाला, आणि करुणानं सांगितलं नाही.

मीटिंगच्या दिवशी करुणानं कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस घातला. तीच खोली, तेच लांब टेबल. इंद्रजीत आधीच आला होता. त्यानं तिला बघून हसून मान हलवली, जणू तीच त्याच्याकडे काम मागायला आली होती.

"कशी आहेस? क्लास वगैरे घेतेस म्हणे. छान, छान."

"हो सर. पडलेली ॲप शिकवते."

राजेंद्र सर म्हणाले, "करा सुरू."

करुणानं स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. नवा कोरा, महागातला, हप्त्यांवर घेतलेला. "इंद्रजीत सर म्हणाले होते, बायकांचे फोन स्वस्त आहेत. म्हणून हा. यातून फेरी काढून टाकलंय. सर, तुम्हीच फाइल टाका आणि चालवून दाखवा."

इंद्रजीतनं टाकली. फोननं ठिकाण विचारलं. त्याचं बोट वाचायच्या आधीच 'हो'वर गेलं. त्यानं बटण दाबलं. हिरवी बरोबरची खूण आली.

"चालतंय की," तो टेबलाकडे वळून म्हणाला. "मी पहिल्यापासून हेच सांगतोय."

"परत काढून परत टाका."

त्यानं परत टाकलं. परत 'हो', परत हिरवी खूण. तिनं तिसऱ्यांदाही करायला लावलं. तिसऱ्या वेळी एक सुपरवायझर घड्याळ बघायला लागला.

"आता माझी वहिनी," करुणा म्हणाली.

सुलेखा भिंतीपासून पुढं आली. अंगावर निळा कोट, केसांवर जाळी. तिनं त्याच फोनवर फाइल परत टाकली. फोननं विचारलं. सुलेखानं वाचलं आणि 'परवानगी देऊ नका' दाबलं. मग हिरवं बटण. ॲप मिटलं.

मागच्या एका बाईनं शेजारणीला विचारलं, "हिनं पण नको दाबलं व्हय?" "मंग काय, सगळ्याच दाबतोत."

"एकच फोन," करुणा म्हणाली. "फोनचा दोष नाही, बायकांचा नाही. फोन विचारतो, ठिकाण सांगू का. ऑफिसातले सगळे हो म्हणतात, म्हणून ऑफिसात कधी पडलं नाही. नको म्हटलं, की ॲपच्या हाती काही राहत नाही आणि ते पडतं." तिनं इंद्रजीतकडे बघितलं. तिचा आवाज आता अगदी साधा होता, एखाद्या शिकाऊ मुलीचा असावा तसा. "सर, माझं एक कोडं सोडवा. नको म्हटलं तर थांब्यांची नावं दिसतील, असं मी ठेवल्यासारखं मला वाटतंय. पण दिसत तर नाहीत. मी विसरले असेन का?"

इंद्रजीतसमोर दोन रस्ते होते. त्यानं 'हो, विसरलीस' म्हटलं असतं तर तो सुटला असता. पण टेबलापलीकडे कंपनी बसली होती, आणि आपल्या हातून काही झालं नाही असं म्हणणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

"विसरली नव्हतीस," तो म्हणाला. "ती लांबलचक नावं फार गचाळ दिसत होती. मी काढून टाकली. स्क्रीन स्वच्छ हवी असते, सर. डिझाइनचे निर्णय सगळे मीच घेतो."

"कुणी काढली?"

"मी."

"मागं ऐकू गेलं नसेल, सर. बायका मागं आहेत."

आता त्याला कळलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्या हसण्यामागं कुणी नव्हतं. "करुणा, हे बघ, आपण ऑफिसात बसून..."

"इथंच. त्या दिवशीही इथंच होतो आपण." ती उभी होती ती हलली नाही. "तुम्ही म्हणालात, कोड हिचा आहे. संधी दिली की असं होतं, म्हणालात. मी सॉरी म्हटलं या खोलीत. ते माझं नव्हतं, तुमचं होतं. घ्या परत."

राजेंद्र सरांनी चष्मा काढला. "इंद्रजीत, तुम्ही काढलं होतं, आणि इथं नाव हिचं घेतलं?"

"सर, तसं थेट..."

"काढलं होतं का?"

"हो."

"मग म्हणा ना," करुणा म्हणाली. "पूर्ण वाक्य म्हणा."

मग इंद्रजीत टेबलाकडे बघून म्हणाला, "चूक माझी होती. तिची नव्हती."

"वर बघून."

"करुणा, पुरे," राजेंद्र सर म्हणाले.

"त्यांनी मला वर बघू दिलं नव्हतं, सर."

इंद्रजीतनं वर बघितलं आणि परत म्हटलं. भिंतीजवळच्या बायकांतून कुणीतरी खुसकन हसलं. ते हसू करुणाच्या कानात साखरेसारखं विरघळलं. राजेंद्र सरांनी इंद्रजीतला सांगितलं, की यापुढं ॲपचं काम त्याच्याकडे राहणार नाही. इंद्रजीत लॅपटॉप बंद करून निघाला. दारात त्याला दोन बायकांना 'जरा सरका' म्हणावं लागलं आणि त्या सावकाश सरकल्या.

"मॅडम, तुम्ही करून द्याल का हे?" राजेंद्र सरांनी विचारलं.

मॅडम. करुणानं तो शब्द ऐकून घेतला. "देते सर. थांब्यांची नावं परत घालते. ते होईपर्यंत सेटिंगमधून ठिकाण चालू केलं की आत्तासुद्धा चालतं."

"आत्तासुद्धा?"

"हो. मिनिटभराचं काम आहे."

"आणि हे तुम्हाला कधी सापडलं म्हणालात?"

"झाले बरेच दिवस," करुणा म्हणाली. ती अजून त्या पूर्ण वाक्याच्या नशेत होती. "पण आधी सांगितलं असतं, तर आज हे झालं असतं का, सर?"

बायकांत एकीनं दुसरीकडे बघितलं, मग सगळ्यांनी सुलेखाकडे.

सुलेखा टेबलाच्या कडेला तशीच उभी होती. ती राजेंद्र सरांना म्हणाली, "साहेब, मंग आमचे लेट मार्क? ॲपनं झाले म्हणल्यावर?"

"खरं आहे तुमचं. पण कायम करायची नावं शनिवारीच वर गेली, सुलेखाबाई. आता ती परत बोलावता येत नाहीत. पुढच्या खेपेला तुमचा नंबर पहिला, मी लक्षात ठेवतो."

"पुढची खेप कधी?"

"बघू. वर्षभरात होईलच काहीतरी."

सुलेखानं मान हलवली. राजेंद्र सर कागद आवरून सुपरवायझरांबरोबर बाहेर पडले. बायका लाइनवर जायला निघाल्या, पण दाराशी रेंगाळल्या.

करुणा पुढं आली. "वहिनी, बघितलंस त्याचं तोंड? वर बघून म्हणाला. दोनदा. आणि काम पण मलाच मिळालं. पहिल्यांदा तुझाच फोन नीट करते, दे इकडं. उद्या सकाळपासून तुझी बस थांबेल. नावाचं मी राजेंद्र सरांशी बोलते, ऐकतील ते माझं आता. वहिनी? मी मुद्दाम तुझं नव्हतं केलं. तुला माहितीये ना? बोल की काहीतरी."

सुलेखानं केसांवरची जाळी सारखी केली, कोटाचं वरचं बटण लावलं, आणि बायकांच्या मधून वाट काढत ती दाराबाहेर निघून गेली.